सोलापूरहून स्कुबा डाइव्हिंगला जाताना: निर्बंधांच्या काळातील नियोजन

सोलापूरच्या माणसाला समुद्र जवळचा नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पोहोचण्यासाठी सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते, वाटेत सह्याद्रीचा एक घाट उतरावा लागतो, आणि एवढे सगळे करून नवशिक्याला पाण्याखाली मिळतो तो वेळ अर्ध्या तासाच्या आसपास असतो. तरीही गेल्या वर्षभरात माझ्याकडे याविषयी जितकी विचारणा झाली तितकी पूर्वी कधी झाली नव्हती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे घरात कोंडून काढलेल्या महिन्यांनंतर मोकळ्या पाण्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच सप्टेंबर २०२१ मध्ये, नवा हंगाम तोंडावर आलेला असताना, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हा लेख सविस्तर लिहीत आहे.

आपल्या जिल्ह्याने या काळात एक गोष्ट फार जवळून पाहिली आहे. आषाढी एकादशीची तिथी पंचांगात ठरलेली असते. तरीही २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे पालख्या पंढरपूरला एसटी बसने आल्या. शतकांची परंपराही जेथे आपले स्वरूप बदलते, तेथे आपण ठरवलेली सहलीची तारीख टिकेलच असे धरून चालता येत नाही. त्यामुळे पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच धोरण आहे: अनिश्चिततेचा भार तारखेने सोसावा, वेळप्रसंगी खिशाने सोसावा, पण तो शरीरावर कधीही टाकू नये.

आधी फुप्फुसे, मग तारीख

बहुतेक जण आधी सुट्टी ठरवतात, मग गाडी, मग निवास, आणि प्रकृतीचा विचार किनाऱ्यावर पोहोचून अर्ज भरताना करतात. हा क्रम उलटा करावा. स्कुबामध्ये आपण सिलिंडरमधील हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने घेतो. दहा मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तेथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना पसरत पसरत दुप्पट जागा मागते. निरोगी माणूस सावकाश श्वास सोडत वर येतो आणि ही जादा हवा सहज बाहेर पडते. परंतु फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात व्रण राहिला असेल किंवा बारीक श्वासनलिका कफाने चोंदली असेल, तर तेथील हवा अडकते, पसरते आणि ऊती फाडून रक्तात शिरू शकते. असा बुडबुडा मेंदूकडे गेला तर पक्षाघातासारखी अवस्था होते. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. दीड मीटर खोलीवर पूर्ण भरलेला श्वास कोंडून वर येणेही धोक्याचे ठरू शकते.

कोरोनाने ज्यांच्या फुप्फुसांना झळ पोहोचवली त्यांच्या बाबतीत हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे. युरोपातील डाइव्हरांच्या वैद्यकशास्त्राशी संबंधित संस्थांनी २०२० मध्ये दिलेला सल्ला थोडक्यात असा होता की, चाचणी बाधित आली पण लक्षणे नव्हती अशांनी किमान एक महिना, लक्षणे होती अशांनी साधारण दोन महिने, आणि श्वसनाच्या त्रासामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले अशांनी किमान तीन महिने डाइव्ह करू नये, आणि त्यानंतरही फुप्फुसांची व हृदयाची तपासणी करूनच पाण्यात उतरावे. माझे मत याहून थोडे कडक आहे. दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे घराघरांत सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ सर्वांना पाठ झाला आहे. ज्यांचा स्कोअर वाढला होता किंवा ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता, त्यांनी हा हंगाम सोडून द्यावा आणि पुढच्या वर्षी जावे. समुद्र तेथेच आहे.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर अठ्ठ्याण्णव दाखवतो एवढ्यावर समाधान मानू नये. तो आकडा स्वस्थ बसलेल्या माणसाचा असतो. छातीविकारतज्ज्ञांकडे जाऊन श्रमानंतरची पातळी आणि फुंकून करावयाची फुप्फुसक्षमतेची चाचणी करून घ्यावी. आपल्याकडील डॉक्टरांसमोर डाइव्हिंगचा प्रश्न क्वचितच येतो, म्हणून डाइव्हरच्या वैद्यकीय प्रश्नावलीची छापील प्रत सोबत न्यावी. तिच्यासोबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शक पानेही असतात आणि ती इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. काळ्या बुरशीमुळे ज्यांच्या सायनसची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी कान-नाक-घसातज्ज्ञांच्या लेखी संमतीशिवाय विचारच करू नये, कारण पाण्याखालील दाब सर्वांत आधी कान आणि सायनस यांनाच जाणवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

किनाऱ्यावर मिळणाऱ्या अर्जातील प्रत्येक प्रश्नापुढे डोळे झाकून ‘नाही’ लिहिणारे पुष्कळ असतात, कारण ‘होय’ लिहिले तर डाइव्ह हुकेल अशी भीती वाटते. घरी असतानाच डॉक्टरांचे पत्र हाती घेतले की ही भीती उरत नाही.

लस घेतल्यावर ताप आणि अंगदुखी पूर्ण उतरेपर्यंत पाण्यात जाऊ नये. मी स्वतः आठवडाभर थांबण्याचा सल्ला देतो. त्याचे एक कारण लेखाच्या शेवटी येईल.

विहिरीत पोहणाऱ्यांसाठी विशेष सूचना

मालवणला पहिल्या अनुभवासाठी जी डाइव्ह मिळते तिला पोहता येण्याची अट सहसा नसते, कारण प्रशिक्षक आपल्याला हाताने धरून नेतो. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करावयाचा असेल तर मात्र २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे आवश्यक असते. आपल्या भागातील अनेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले आहेत. पाण्याची भीती त्यांना नसते, आणि हा फार मोठा फायदा आहे. परंतु विहिरीत आपण एक गोष्ट अंगी मुरवून घेतलेली असते, ती म्हणजे दम कोंडणे. सूर मारायचा, दम धरायचा, तळाचा दगड आणायचा. स्कुबाचा पहिला नियम याच्या नेमका विरुद्ध आहे: श्वास कधीही कोंडायचा नाही. उत्तम पोहणाऱ्या माणसाने तोंडात माउथपीस (हवेच्या नळीचे तोंडात धरायचे टोक) असतानाही सवयीने दम धरल्याचे मी पाहिले आहे. म्हणून घरीच रोज दहा मिनिटे नाक बंद ठेवून केवळ तोंडाने, संथ आणि अखंड श्वास घेण्याचा सराव करावा.

जलतरण तलाव महिनोन्‌महिने बंद राहिल्याने अनेकांचा सराव सुटला आहे. तेवढ्यासाठी उजनीच्या जलाशयात किंवा हिप्परग्याच्या तलावात उतरू नये. तेथे गाळ आणि पाणवनस्पती आहेत आणि अडचणीत आलेल्याला काढायला कोणी नसते. त्यापेक्षा जिने चढणे आणि भरभर चालणे पुरेसे आहे.

अभ्यासक्रम करणाऱ्यांना या काळात एक सोयही मिळाली आहे. त्यातील सिद्धांताचा भाग घरबसल्या ऑनलाइन पूर्ण करता येतो, तलावातील सराव पुण्यासारख्या शहरात करता येतो, आणि समुद्रातील चार डाइव्ह नंतर दुसऱ्या केंद्रात पूर्ण करता येतात. तलावापर्यंतचे शिक्षण झाल्याचा दाखला सर्वसाधारणपणे बारा महिने ग्राह्य धरला जातो. याचा अर्थ असा की, मध्येच निर्बंध आले तरी झालेले शिक्षण वाया जात नाही, आणि ज्याला घाई नाही त्याच्यासाठी हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे.

ठिकाण निवडताना नकाशावरील सीमा पाहाव्यात

एरवी ठिकाण निवडताना पाणी किती स्वच्छ आहे हे पाहिले जाते. निर्बंधांच्या काळात वाटेत किती सीमा लागतात हे आधी पाहावे. या कसोटीवर सोलापूरकरांसाठी मालवण आणि तारकर्ली यांना तोड नाही, कारण घरापासून बोटीपर्यंतचा संपूर्ण प्रवास महाराष्ट्रातच होतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत नवशिक्यांच्या डाइव्ह होतात. १९८७ मध्ये या परिसरातील समुद्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील पाणी अंदमानसारखे नितळ नसते. कधी चार-पाच मीटरांपलीकडचे दिसत नाही. ही अपेक्षा मनाशी धरूनच जावे, म्हणजे निराशा होत नाही. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असते, ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. मात्र नाताळ आणि वर्षअखेरीची गर्दी टाळावी आणि शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट अधिक सुंदर आहे आणि विजयपूर-हुबळी मार्गे आपल्याला जाता येते. पण टाकळीजवळ भीमा ओलांडली की राज्य बदलते, आणि राज्य बदलले की नियम बदलतात. गोव्यातील ग्रँड आयलंडचीही तीच गोष्ट. अंदमानला २०२१ मध्ये विमान, चाचणी आणि बोट अशा तीन साखळ्या जुळाव्या लागत, आणि एक तुटली की सगळेच पैसे अडकत. लक्षद्वीपला तर एरवीही प्रवेशाचा परवाना लागतो. पहिल्या डाइव्हसाठी एवढा खटाटोप करू नये. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालील प्रवाळ-पठाराविषयी हल्ली बरेच ऐकू येते, परंतु ती अनुभवी लोकांची जागा आहे.

बहात्तर तास कोठून मोजायचे

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही लसमात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना बऱ्याच बाबतींत मोकळीक मिळाली होती. म्हणून तेव्हा लसीकरणाचे अंतिम प्रमाणपत्र मोबाइलमध्ये आणि छापील अशा दोन्ही रूपांत ठेवणे गरजेचे होते. घाटात मोबाइलला रेंज नसते. आज जो नियम आहे तो उद्या राहीलच असे नाही: जिल्हाबाहेर जाण्यासाठीची ई-पासची अट २०२० च्या सप्टेंबरमध्ये उठली होती आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये परत आली. त्यामुळे निघण्याच्या आठ दिवस आधी, दोन दिवस आधी आणि निघण्याच्या सकाळी अशा तीन वेळा जिल्हा प्रशासनाचे आदेश पाहावेत, आणि ते दोन्ही जिल्ह्यांचे पाहावेत. समाजमाध्यमांवर फिरणारे कात्रण पुरावा मानू नये.

अशी अट असते तेव्हा राज्याबाहेर जाणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवालाचा हिशेब नीट समजला पाहिजे. कर्नाटकाने २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना, लस घेतलेली असली तरी, बहात्तर तासांच्या आतील अहवाल बंधनकारक केला होता. हे तास नमुना दिल्यापासून मोजावेत, अहवाल हाती आल्यापासून नव्हे. समजा, शुक्रवारी सकाळी सहाला सोलापूर सोडून सातच्या सुमारास सीमा ओलांडायची आहे. मंगळवारी सकाळी सातला नमुना दिला असेल तर तो अहवाल सीमेवरच संपतो. बुधवारी सकाळी दिला आणि गुरुवारी सायंकाळी अहवाल मिळाला, तर हाती एक पूर्ण दिवस राहतो. प्रयोगशाळेला गर्दीच्या दिवसांत उशीर होतो, हे गृहीत धरून पर्यायी दिवस आधीच ठरवावा. अहवालावरील नाव ओळखपत्राप्रमाणेच आहे ना, हेही तपासावे. एका अक्षराच्या फरकावरून सीमेवर तासभर थांबण्याची वेळ आमच्या गाडीवर आली होती.

चमूतील एकाला जरी खोकला किंवा ताप आला तरी बेत सर्वांसाठी पुढे ढकलावा. हे निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवून घ्यावे, कारण ऐन वेळी आजारी माणसावर ‘थोडेसेच तर आहे’ म्हणण्याचा दबाव येतो.

पैशांचे बोलणे लेखी करावे

मागील एप्रिलमध्ये आम्ही एका केंद्राला पूर्ण रक्कम आगाऊ दिली होती. निर्बंध लागले, डाइव्ह रद्द झाल्या, आणि त्या केंद्राने पैसे परत देण्यास नकार दिला. बोलणे फोनवर झाले होते, त्यामुळे आमच्या हाती काहीच नव्हते. तेव्हापासून मी आगाऊ रक्कम शक्य तितकी थोडी देतो आणि तीन गोष्टी संदेशाद्वारे लिहून घेतो: सरकारी आदेशामुळे रद्द झाल्यास काय, आमच्यापैकी कोणी बाधित आल्यास काय, आणि समुद्र खवळल्यामुळे बोट न सुटल्यास काय. पैसे परत मिळणार नसतील तर तारीख किती महिन्यांपर्यंत पुढे नेता येईल, हे विचारावे. या छोट्या व्यावसायिकांनीही दोन हंगाम गमावले आहेत, हे ध्यानात ठेवून मला तारीख बदलून घेणे अधिक न्याय्य वाटते. आरोग्य विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीतील ते कलम वाचल्याशिवाय निघू नये.

केंद्राला विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. डाइव्हिंगमधील अपघातात रुग्णाला तत्काळ शुद्ध ऑक्सिजन देणे हा प्रथमोपचार आहे, म्हणून प्रत्येक बोटीवर किंवा किमान किनाऱ्यावर वैद्यकीय ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि तो वापरू जाणणारा माणूस हवा. दुसऱ्या लाटेत या सिलिंडरांसाठी काय धावपळ झाली ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. ‘आहे’ या उत्तरावर थांबू नये; दाखवा म्हणावे, आणि दाबमापकावरचा आकडा स्वतः पाहावा. संकोच करण्याचे काही कारण नाही.

दुसरा प्रश्न माउथपीसचा. आपल्या आधी ज्याने तोंडात धरला त्याची लाळ त्यावर असते. साध्या पाण्याच्या पिंपात बुचकळून काढणे म्हणजे निर्जंतुकीकरण होत नाही. जंतुनाशक द्रावणात ठरावीक वेळ बुडवून, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून तो द्यावयास हवा. रबरी माउथपीस हा एका प्लॅस्टिक पट्टीने बसवलेला सुटा भाग असतो आणि तो स्वतःचा नेता येतो. केंद्राला आधी कळवल्यास ते बदलून देतात. पाण्याखालचा मास्कही शक्य असल्यास स्वतःचा घ्यावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकण्याची जुनी पद्धत आहे, ती सामायिक मास्कच्या बाबतीत पूर्ण बंद करावी. पातळ केलेल्या साबणाचे दोन थेंब तेच काम करतात. हाताला लावलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय ऑक्सिजनच्या उपकरणांना हात लावू नये, कारण तेथे आग लागण्याचा धोका असतो.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला आणि जुलैच्या अतिवृष्टीने घाटरस्ते खचले. म्हणून बोट आणि हवा भरण्याचा कंप्रेसर दुरुस्त होऊन तपासले गेले आहेत का, हे विचारावे, आणि कोणता घाट चालू आहे हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. एका फेरीत बोटीत किती माणसे बसवतात, एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण असतात, हे प्रश्न तर कोणत्याही काळात विचारायचेच आहेत.

पाण्यात

येथे फारसे सांगावयाचे नाही. प्रशिक्षक सांगेल ते ऐकावे. खाली जाताना प्रत्येक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे आणि कान मोकळे करावेत. कान दुखू लागला तर खूण करून थांबावे, जोर लावू नये. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नये. आणि श्वास चालू ठेवावा.

परतीचा घाट

सोलापूरकरांनी सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असा भाग हा आहे, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या मार्गदर्शकाच्या तो सहसा लक्षात येत नाही. पाण्याखाली दाबाने शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो तासन्‌तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात आपण उंचावर गेलो, की बाहेरचा दाब आणखी कमी होतो आणि त्या वायूचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. विमानप्रवासासाठीचा सर्वमान्य सल्ला असा आहे की, एकच डाइव्ह केली असेल तर किमान बारा तास आणि एकाहून अधिक किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान अठरा तास थांबावे. हा सल्ला सुमारे ६०० मीटर उंचीइतक्या दाबापासून पुढे लागू होतो. आंबोली आणि गगनबावडा ही दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांच्या जवळपास आहेत, आणि घाट चढून आल्यावर आपण पुन्हा खाली समुद्रपातळीवर येत नाही. सोलापूरच मुळी साडेचारशे मीटरांच्या वर आहे.

पाच-सहा मीटरांवरील एका छोट्या डाइव्हनंतर हा धोका फार कमी असतो, हे मान्य करतो. तरीही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. शनिवारी सकाळी अकराला शेवटची डाइव्ह झाली असेल तर अठरा तास रविवारी पहाटे पाचला पूर्ण होतात. म्हणून शनिवारची रात्र मालवणातच काढून रविवारी सकाळी निघावे. सहल ठरवतानाच दोन रात्रींचा निवास धरावा आणि त्यापुढे एक मोकळा दिवस रजेत ठेवावा. निर्बंध लागणार अशी बातमी आली, की लोक सामान गाडीत टाकून त्याच दुपारी घाट चढू लागतात. तसे करू नये. एक रात्र अडकून पडण्याची तयारी, चार दिवसांची औषधे आणि थोडी रोख रक्कम सोबत असली की ही घाई करावी लागत नाही.

घरी आल्यावर पुढील एक-दोन दिवस शरीराकडे लक्ष ठेवावे. फार थकवा, सांधेदुखी, डोके जड होणे ही कोरोनाचीही लक्षणे आहेत, लस घेतल्यानंतरचीही असू शकतात, आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या आजाराचीही. लस आणि डाइव्ह यांत आठवड्याचे अंतर ठेवावे असे वर म्हटले ते याचसाठी. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा, तोल जाणे किंवा लघवीला अडचण होणे यांपैकी काही दिसले तर चाचणीच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. तत्काळ रुग्णालयात जावे, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की मी अमुक दिवशी, अमुक वाजता, इतक्या मीटरांवर डाइव्ह केली आहे. त्यासाठी प्रत्येक डाइव्हची वेळ आणि खोली बोटीवरच वहीत लिहून घ्यावी, ऑक्सिजन सुरू करण्याची विनंती करावी, आणि केंद्राकडून आधीच घेऊन ठेवलेला जवळच्या दाबकक्षाचा (जेथे रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवून उपचार करतात) दूरध्वनी क्रमांक डॉक्टरांच्या हाती द्यावा.